पडदा न्हाय, घोंगडी

आमच्या घरमालकांनी जिन्याच्या कठड्याला वरपासून खालपर्यंत दोरी बांधली होती आणि तिच्या टोकाला पितळी घंटी. मी सकाळी कॉलेजला निघाले की ते अंगणातून दोरी दोनदा ओढायचे. टण टण. म्हणजे गाडी सोडा. मी पाण्याची मोटर बंद करायला विसरले असले तर एकच टण. म्हणजे थांबा, मागं फिरा. धाराशिवात मी नवी होते तेव्हा पहिले आठ दिवस मला वाटलं, यांच्याकडे दोन वेळची पूजा जरा जोरात चालते.

ते एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन वीसेक वर्षं झाली होती, तरी अख्खी गल्ली त्यांना मास्तरच म्हणायची, कारण आपल्याकडे कंडक्टरला मास्तर म्हणतात. मी कॉलेजात इतिहास शिकवणारी, खरीखुरी मास्तरीण, पण गल्लीत माझी ओळख ‘मास्तरांची भाडेकरू’ एवढीच. याचं मला वाईट वाटायचं आणि मास्तरांना बरं वाटायचं.

मास्तर एका जागी बसायचे नाहीत. जेवायचे ओट्याशी उभे राहून, पेपर वाचायचे अंगणात फेऱ्या मारत, आणि पान उलटायला तेवढे थांबायचे. त्यांच्या बायको, आमच्या काकी, म्हणायच्या, “ह्यांच्या पायाला भिंगरी हाय. तिरडीवर तरी गप ऱ्हातील का न्हाय, मला शंका हाय.” मास्तर फेरी न मोडता उत्तर द्यायचे, “तिरडीबी चालतीच असती की.”

त्यात पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट झाली. मग तर विचारूच नका. ऐंशीला टेकलेला हा माणूस सकाळी भूमला जायचा, दुपारी परत यायचा, चहा ढोसून तुळजापूरची गाडी धरायचा. काम काय, म्हणून विचारलं तर म्हणायचे, “काम कशाला पायजे? मोकळ्या गाडीचं वझं जास्त असतंय म्याडम. माणूस भरून चालला की हलका चालतो.” याचा अर्थ मला कधी लागला नाही, पण ते इतक्या खात्रीनं सांगायचे की मी मान हलवायची. गाडीत जागा असली तरी ते दाराशी उभे. तरुण कंडक्टर पोरं त्यांना टरकून असायची, कारण कोणत्या थांब्यावर किती माणसं चढली हे मास्तरांनी मनात मोजलेलं असायचं.

नोकरीतल्या त्यांच्या गोष्टी गल्लीला पाठ होत्या. काकी मुलीला घेऊन माहेरी निघाल्या आणि नेमकी यांचीच गाडी. मुलीला आदल्याच दिवशी पाच वर्षं पुरी झाली होती. यांनी भर गाडीत तिचं अर्धं तिकीट फाडलं. काकी म्हणाल्या, “अवो, एका दिवसानं काय हुतंय?” तर म्हणे, “तू गाडीला विचार. म्या फकस्त मास्तर हाय.” काकी हे सांगताना अजून चिडायच्या. मला मात्र असल्या माणसाबरोबर संसार करणाऱ्या बाईबद्दल आदर वाटायचा.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्याच्या एका संग्रहालयात महायुद्धांच्या काळातल्या पुण्यावर प्रदर्शन भरलं होतं. मला मुलांची सहल न्यायची होती. प्राचार्यांनी परवानगी देतो देतो म्हणत दिली नाही, म्हणून मी रागानं एकटीच जायचं ठरवलं. रविवारी सकाळी बॅग घेऊन जिना उतरले तर मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून दोरीपाशी उभे.

“पुण्याला की? चला, म्याबी येतो.”

“मास्तर, तिथं संग्रहालय आहे. जुनी भांडी, जुने फोटो. कंटाळाल.”

“कोणत्या सालातलं?”

“महायुद्धातलं.”

“मग येतोच,” ते म्हणाले आणि टण टण करून पुढं निघाले.

माझं अर्धं तिकीट, त्यांचं फुकट. बार्शी गेली, टेंभुर्णी गेली, मास्तर उभेच. इंदापूरला एका पोराला त्यांनी उठवलं आणि एका लेकुरवाळीला बसवलं. स्वतः काही बसले नाहीत. मी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं, कारण गाडीतले सगळे मला त्यांची सून समजत होते.

प्रदर्शन खरंच छान मांडलं होतं. अर्धा काळा रंगवलेला दिवा, रेशनची पुस्तकं, पलटणी आगगाडीत बसतानाचे फोटो, भरतीच्या जाहिराती. मी एकेक पाटी वाचत, वहीत टिपत चालले होते. मास्तर मात्र शेवटच्या गाडीची वेळ झाल्यासारखे दालनातून सरसरत निघाले. दोन महायुद्धं त्यांनी चार मिनिटांत संपवली. पलटणीच्या फोटोंपाशी तेवढे घुटमळले, एकेका चेहऱ्यापाशी नाक नेऊन बघितलं, आणि पुढं. मग बराच वेळ ते दिसलेच नाहीत. पलीकडच्या दालनातून आवाज आला तो त्यांचाच.

“ह्यो पडदा न्हाय!”

मी धावले. काचेच्या मोठ्या कपाटात एक काळं, जाड कापड टांगलेलं होतं. वरच्या कडेला पितळी कड्या शिवलेल्या. खाली पाटी होती: ‘हवाई हल्ल्याच्या भीतीने रात्री उजेड बाहेर जाऊ नये म्हणून खिडकीला लावला जाणारा काळा पडदा. लोकर. कॅम्पातील एका बंगल्यातून प्राप्त.’ मास्तर त्या पाटीवर बोट ठेवून रखवालदाराला जाब विचारत होते, आणि गडबड ऐकून संग्रहालयाच्या व्यवस्थापक बाई आल्या होत्या. तिशीतली, चष्मा लावलेली, पुणेरी शांतपणाची मुलगी.

“आजोबा, काचेला हात लावू नका.”

“न्हाय लावत. पर ही घोंगडी हाय. ह्याला पडदा कुनी म्हनलं?”

“आमच्याकडे तो पडदा म्हणूनच आलाय. नोंद आहे तशी.”

“नोंद करनाऱ्यानं घोंगडी पांघरलीय का कधी? बघा की जरा. काळा रंग दिलेला न्हाय ह्यो, काळ्या मेंढीची लोकर हाय. मधी शिवण बघा, दोन पट्ट्या जोडल्यात. पडद्याला मधी शिवण कशाला घालतील? आन् दशा कापल्यात खालच्या.” दशा म्हणजे घोंगडीच्या टोकाला सोडलेले धागे. तिथं आता मशीनची शिलाई होती.

बाई म्हणाल्या, “मी तुमचं म्हणणं लिहून घेते,” म्हणजे कृपा करून निघा. लोक जमायला लागले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिकलेली मी, आणि माझ्याबरोबर हा आरडाओरडा करणारा म्हातारा. मी त्यांच्या बाहीला धरून म्हटलं, “मास्तर, चला. गाडी चुकेल.” ते वाक्य त्यांना लागू पडलं. ते निघाले.

परतीच्या गाडीत त्यांनी सगळं सांगितलं. उभ्यानंच, माझ्या सीटच्या दांडीला धरून.

त्यांचं घर मेंढरांचं, भूमच्या बाजूच्या एका लहान गावातलं. आई लोकर कातायची, वडील खड्ड्यातल्या मागावर घोंगड्या विणायचे. मोठी लढाई चालू होती. बार्शीच्या बाजारात बातमी आली की पुण्यात पलटणीला घोंगड्या पाहिजेत, चांगला भाव मिळतोय. वडिलांनी आठ घोंगड्या खांद्यावर टाकल्या, चालत बार्शीला गेले, तिथून छोट्या रेल्वेनं कुर्डुवाडी, पुढं मोठ्या गाडीनं पुणं. आखाडाच्या आत येतो म्हणाले. आले नाहीत. मास्तर तेव्हा आईच्या पोटात होते.

“तक्रार कुठं द्यायची?” मास्तर म्हणाले. “भूम निजामाचं, बार्शी इंग्रजाची. हिकडचा माणूस तिकडं हरवला. हिकडचं म्हनत्यात, आमच्या मुलखात हरवला न्हाय. तिकडचं म्हनत्यात, आमचा माणूसच न्हाय.”

वर्षभर गावानं वाट बघितली. मग गावच ते, त्यानं आपलं उत्तर काढलं. मास्तरांची एक चुलती होती, तेव्हा नुकतीच लग्न होऊन आलेली. तिनं पाणवठ्यावर सांगून टाकलं की पुण्यात पैसा हाती आला, बाई ठेवली, आता कशाला येतोय. झालं. तेव्हापासून संक्रांतीला गावातल्या बायका हळदीकुंकवाला बसल्या की मास्तरांच्या आईपाशी येऊन ताट अडायचं. हिला कुंकू लावायचं की नाही? नवरा जिवंत असेल तर लावायला पाहिजे, पण टाकून गेला असेल तर? आणि मेला असेल तर? तिला विधवा म्हणवेना, सवाष्ण म्हणवेना. चुलतीनं तिचं नाव पाडलं, अर्धी सवाष्ण. ताट पुढच्या बाईकडे जायचं.

“आई मरूस्तवर रोज आपल्या हातानं कुंकू लावायची. दुसऱ्या कुनी कधी लावलं न्हाय.”

मी पिशवीतून पाण्याची बाटली काढून त्यांच्यापुढं धरली.

“चुलती हाय अजून. नव्वदीच्या फुडं गेली. बाकी बोलनारं सगळं मेलं. तिच्या तोंडून एकदा ऐकायचंय म्याडम, की म्या उगंच बोलले. एवढंच. मग म्या मरायला मोकळा.”

नोकरीत असताना पुण्याच्या मार्गावर ड्यूटी मागून घ्यायचे ते वडिलांना शोधायला. पोरवयापासून पुण्यात उतरलं की पेठा, मंडई, लष्करचा बाजार, असे तासन्‌तास फिरायचे आणि प्रत्येक म्हाताऱ्याचं तोंड न्याहाळायचे. हा माणूस बसत का नाही ते मला त्या दिवशी कळलं. आणि कळूनसुद्धा मी काय म्हणाले? सांगायलाही लाज वाटते. मी म्हणाले, “पण मास्तर, ती घोंगडी तुमच्या वडिलांचीच, याला पुरावा काय?”

वीस वर्षं वर्गात पोरांना पुरावा, पुरावा म्हणून शिकवलेलं तोंड. आपसूक निघालं. मास्तर टेंभुर्णीपासून बार्शीपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. थांब्यावर चढलेली माणसंही त्यांनी मोजली नसावीत.

पुढच्या रविवारी पहाटे घंटी वाजली. टण टण. मी खिडकीतून बघितलं तर मास्तर खांद्यावर स्वतःची घोंगडी टाकून उभे. एप्रिल महिना होता. मी निमूटपणे साडी बदलली.

त्या व्यवस्थापक बाईंचं मला कौतुक वाटतं. आम्हाला बघून तिनं कपाळावर आठी घातली, पण हाकलून दिलं नाही. मास्तरांनी दालनाच्या बाहेर, व्हरांड्यात आपली घोंगडी अंथरली आणि माझ्या बाटलीतलं पाणी तिच्यावर ओतलं. पाणी वरच्या वर राहिलं, मोत्यासारखं पळालं. “चिंचोक्याची खळ दिलेली असती हिला. पावसात मेंढक्याच्या अंगाला पाणी लागू देत न्हाय. तुमच्या पडद्याचा वास घ्या. जुन्या खळीचा वास येईल.”

बाई जरा विचारात पडली. मग आत गेली, कपाट उघडायला लावलं, पांढरे हातमोजे घालून त्या कापडाची कड नाकाशी नेली. नंतर तिनं मास्तरांच्या घोंगडीचा वास घेतला. मग परत त्या कापडाचा. असं तीन वेळा. रखवालदार हसायला लागला होता, तिनं त्याच्याकडे बघितल्यावर गप्प झाला.

“तुमचं बरोबर आहे,” ती म्हणाली. “घोंगडीच आहे. बंगल्यातल्या कुणीतरी कड्या लावून पडदा केला असणार. कुठली असेल सांगता येईल?”

“आमच्याकडचीच. भूम न्हायतर बार्शी. पट्टीची रुंदी आमच्या मागाची हाय.”

तिनं लॅपटॉपवर नवी पाटी लिहिली आणि वाचून दाखवली: ‘घोंगडी. बहुधा भूम-बार्शी भागातील. युद्धकाळात काळ्या पडद्यासाठी वापरलेली.’

“बहुधा कशाला?” मास्तर म्हणाले.

“खात्री नाही ना आजोबा.”

मास्तर थोडा वेळ त्या शब्दाकडे बघत राहिले. मला वाटलं, आता भांडण. पण ते म्हणाले, “ऱ्हाऊ द्या. आपल्याला तरी कुठं ठावं हाय.” मग तिनं विचारलं, आणखी काही लिहू का? विणणाऱ्याबद्दल काही माहीत आहे? मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. त्या क्षणी मी होय म्हटलं असतं, तर एका माणसाचं नाव त्या काचेत गेलं असतं. मी खाली बघितलं. मास्तर म्हणाले, “न्हाय. एवढंच ठावं हाय.”

पाटी लागली तसा मी तिचा मोबाइलवर फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी सोमवार, मला कॉलेज होतं. मी दांडी मारली. आम्ही भूमला उतरलो आणि तिथून रिक्षानं त्यांच्या गावाला गेलो. सबंध वाटेत मास्तर मनातल्या मनात बोलत होते, मध्येच हात हलवत होते. एकदा मोठ्यानं म्हणाले, “न्हाय, असं सांगतो,” आणि पुन्हा पुटपुटायला लागले. इतक्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

चुलती दारापुढं लिंबाच्या सावलीत बाजेवर बसली होती. वाळून काटकी झालेली, पण डोळे जागे. कान मात्र गेलेले. नातसुनेनं आम्हाला चहा आणून दिला. मास्तरांनी कप जमिनीवर ठेवला आणि चुलतीच्या कानाशी वाकून ओरडून सांगायला सुरुवात केली. पुणं, लढाई, कपाट, घोंगडी. पाणी कसं पळालं ते, वास घेतला ते. शेजारपाजारचे लोक दारात आले. मी मोबाइलवरचा फोटो म्हातारीपुढं धरला. तिला तो दिसला नसावा, कारण तिनं फोटोऐवजी माझं मनगट धरलं.

“तू कोन गं?”

“मी कॉलेजात शिकवते, आजी. यांच्या घरी राहते.”

“म्हंजी शिकलेली हायेस. ह्यो तर येडा हाय, बापावानीच. तू खरं सांग. ती घोंगडी त्याच्या बापाचीच हाय का? पुन्यातच गेल्ता का त्यो, विकाया?”

तिनं मनगट घट्ट धरलं होतं. माझ्या डोळ्यांपुढं ते ताट आलं, एका बाईपाशी अडून पुढं जाणारं. मी म्हातारीच्या कानाशी वाकले आणि जोरात म्हणाले, “व्हय आजी. त्यांचीच हाय. मी डोळ्यांनी बघितली. लढाईत पलटणीला विकायला गेले होते.”

म्हातारीनं मनगट सोडलं. बिनदातांचं तोंड नुसतं हलत होतं.

“मंग म्या तिला उगंच बोलले,” ती म्हणाली. “लई वंगाळ बोलले. चांगली व्हती बिचारी. माझ्या बाळंतपणाला तिनंच केलं, तरी म्या बोलले.” आणि पदरानं डोळे पुसायला लागली.

झालं. एवढ्यासाठी हा माणूस ऐंशी वर्षं फिरत होता. मी मास्तरांकडे बघितलं. मला वाटलं, ते रडतील. ते लालेलाल झाले होते. पुढं आले, चुलतीच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, “काकू, ह्या म्याडम खोटं बोलल्या.”

मला त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली. खरं सांगते.

“घोंगडी कुनाची हाय ठावं न्हाय,” मास्तर ओरडले. “आपल्या हिकडची हाय. माझ्या बापाचीच हाय, ह्याला पुरावा न्हाय!”

म्हातारीनं डोळे पुसायचे थांबवले. त्यांच्याकडे बघितलं. तिनं पदर कानावरून ओढून घेतला.

“काय म्हनतोस?”

“पुरावा न्हाय, म्हनतो!” मास्तर आणखी जोरात ओरडले. पलीकडच्या घरातलं कुत्रं भुंकलं. एवढ्या जवळून ते दगडालाही ऐकू गेलं असतं.

“मला आता ऐकाया येत न्हाय,” म्हातारी म्हणाली. मघाशी माझं वाक्य तिनं पहिल्या खेपेला ऐकलं होतं. “जे ऐकाचं ते ऐकलं म्या. तुझ्या आईला म्या उगंच बोलले. जा, च्या पी.”

मास्तरांनी तिसऱ्यांदा तोंड उघडलं. म्हातारी त्यांच्याकडे बघतच होती. त्यांनी तोंड मिटलं, वाकून जमिनीवरचा कप उचलला, आणि इतक्या हळू म्हणाले की तिला खरंच ऐकू गेलं नसेल:

“बरं.”